दोन भोंगे, एक घसा

आमच्या गावच्या सरपंचपदाच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांचा प्रचार माझ्या आईने केला. गावात ही माहिती सर्वांत शेवटी ज्याला मिळाली, तो त्या गावचा वार्ताहर होता. तो वार्ताहर मीच.

आमचं गाव शहादा-प्रकाशा रस्त्यापासून थोडं आत आहे. ऊस, पपई, मिरची. गावात मला नाना म्हणतात. एका दैनिकाला मी चौदा वर्षं बातम्या पाठवतो आहे. ट्रॉली उलटली, बिबट्या दिसला, दिसलेला बिबट्या नव्हताच, मिरचीची आवक वाढली. या चौदा वर्षांत माझं नाव एकदाही छापून आलं नाही. प्रत्येक बातमीवर 'वार्ताहराकडून' एवढंच असतं. आई शाळेत गेलेली नाही. बातमी वाचून दाखवली की ती दर वेळी चिडते.

"हाऊ वार्ताहर कोन शे रे? लिखस तू आनि नाव त्यानं!"

"माय, वार्ताहर म्हंजे मीच शे."

"मंग तुन्हं नाव काबर नही टाकतस? चोरी करेल शे का तू?"

नाव छापून यावं, असं मलाही चौदा वर्षं वाटत होतं. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर संपादकांचा फोन आला, तेव्हा मी ओट्यावर उभा राहून तो घेतला. (घरात रेंज नसते. शिवाय आनंद झाला तर उडी मारायला जागा लागते.)

"तुमच्या गावात सरळ लढत आहे ना?" संपादक म्हणाले. "दोन उमेदवार मतदाराचं लक्ष कसं वेधून घेतात, त्याची तुलना करा. काटेकोर. पाऊण पान देतो. मतदानाच्या आदल्या दिवशी. तुमच्या नावासह, फोटोसह."

"फोटोसह?"

"फोटोसह. पण एक अट आहे. तुमच्या घरातलं कोणीही कोणाच्याही प्रचारात दिसता कामा नये. दिसलं, तर पान रद्द."

मी त्याच दिवशी शहाद्याला जाऊन फोटो काढून आलो आणि घरी येऊन आचारसंहिता तयार केली. कागदावर लिहून ती फ्रिजच्या दारावर चिकटवली:

१. घरात निवडणुकीचा विषय काढू नये.
२. कोणाचाही झेंडा, टोपी, स्टिकर घरात आणू नये.
३. उमेदवार दारी आल्यास पाणी द्यावं, चहा देऊ नये.
४. कोणाला मत देणार हे विचारू नये, सांगू नये.

माझी बायको वैशाली नाशिककडची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने नियम आईला मोठ्याने वाचून दाखवले. तिसऱ्या नियमाला आई अडली.

"च्या नही देवाना? मंग मानूस दारे येस कसाले?"

"माय, एकले च्या पाजा तर दुसरा म्हनी, नाना फुटना."

"मंग दुसराले बी पाज! एकले जे देसूत, ते दुसराले बी देसूत. खोट काय व्हस?"

हा युक्तिवाद निःपक्षपाती पत्रकारितेला धरून होता. मी पेन काढलं आणि तिसऱ्या नियमात दुरुस्ती केली: 'एकाला जे द्याल, ते दुसऱ्यालाही द्यावं.' चौदा वर्षांच्या अनुभवी माणसाने एका ओळीत स्वतःचं एवढं नुकसान क्वचितच केलं असेल.

मग मी वही घेऊन गल्लोगल्ली फिरू लागलो.

सुपडूआप्पांचं चिन्ह पंखा होतं. त्यांनी छोट्या टेम्पोत लोखंडी चौकट उभी केली, तिला छताचा पंखा टांगला आणि बॅटरीवर चालू ठेवला. दिवस थंडीचे. पंख्याखाली हात जोडून उभे असलेले आप्पा तिसऱ्या दिवशी शिंकू लागले. चौथ्या दिवशी मफलर आला, पाचव्या दिवशी कानटोपी. सहाव्या दिवशी कानटोपीत आप्पा नेमके कुठे आहेत, हे शोधावं लागत होतं.

"आप्पा, पंखा तरी बंद करा!" मी म्हणालो.

"बंद कसा करू भो? चिन्हच बंद दिसनं तर लोके म्हनतीन, निवडून येवाना आधीच लाइट गयी!"

रमणभाईंचं चिन्ह कपाट. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खरंखुरं लोखंडी कपाट उभं केलं, दाराला आरसा असलेलं. ट्रॉली गल्लीत आली की बायका बाहेर येत, आरशात बघून पदर सारखा करत आणि आत जात. मी वहीत नोंद केली: 'आरशाकडे पाहणारे मतदार: जवळपास सगळे. उमेदवाराकडे पाहणारे: त्यांच्या सौभाग्यवती.'

आप्पा ओट्यावर बसून म्हशीच्या तब्येतीपासून सुरुवात करत. रमणभाईंनी पाया पडण्यावर भर दिला होता. वेग इतका होता की समोर कोण आहे हे वर उठल्यावरच त्यांना कळे. एकदा ते माझ्याही पाया पडले. आम्ही दोघं पहिलीपासून एका बाकावरचे!

"रमण, अरे मी शे!"

"माहीत शे रे. आते पडू दे. निवडून उनू का मंग तुन्हा पायच खेचना शे मले."

ही सगळी सामग्री उत्तम होती. पण गावाचं खरं लक्ष वेधलं ते गाण्यांनी. दोन्ही गाड्यांवर भोंगे होते आणि दोन्ही भोंग्यांतून एकेक बाई अहिराणीत गात होती, लग्नातल्या गाण्यांच्या चालीवर. आमच्याकडे लग्नात नवरदेवाचं नाव गुंफून बायका त्याला डोक्यावर घेतात आणि त्याच दमात समोरच्या विहिणीला चिमटे काढतात. इथे नवरदेवाच्या जागी उमेदवार होता आणि विहिणीच्या जागी दुसरा उमेदवार. आप्पांचा भोंगा म्हणायचा:

"सुपडूआप्पा उना दारे, संगे लयना वारा,
पंखाखाले बठनं गाव, जीव गारेगारा!"

आणि लगेच रमणभाईंना चिमटा (मजार म्हणजे आत):

"कपाट उघाडं, कपाट उघाडं, मजार काय निंघनं?
मागला पाच वरीसनं वचन झोपेल निंघनं!"

पलीकडच्या गल्लीतून रमणभाईंचा भोंगा उत्तर द्यायचा:

"रमणभाईनं कपाट मोठं, आरसा शे दारले,
गावनी लक्ष्मी मजार बठनी, कुलूप शे चोरले!

पंखा फिरस गरागरा, आप्पा फिरस दारोदारी,
लाइटच नही गावमा बाई, पंखा काय करी?"

लोक कामं सोडून ऐकत. मिरची खुडणाऱ्या बायका खुडता खुडता हसून लाल होत. (मिरचीमुळे त्या आधीच अर्ध्या लाल असत.) मी दोन्ही गाड्यांच्या मागे चालत प्रत्येक ओळ टिपून घेतली. आवाजांवर मी विशेष मेहनत केली. पुढारी व्यासपीठावर नुसता खोकला तरी तो कोणत्या तालुक्याचा, हे मी सांगू शकतो, असा माझा लौकिक आहे. (लौकिक मीच पसरवला आहे.)

मी आप्पांना विचारलं, "गायिका कुठल्या? जळगावच्या?"

आप्पा शिंकले. मग कानटोपी वर करून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "बाहेरनी नही. आपलीच शे."

रमणभाईंना तोच प्रश्न विचारला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, तू पत्रकार. तूच वयख!"

मी वहीत लिहिलं: 'दोन्ही बाजूंनी कलाकारांची नावं गुप्त ठेवली आहेत.' मोठ्या पानाची उत्सुकता वाढावी म्हणून संपादकांनी माझ्याकडून आधी एक लहान चौकट मागवली. ती दुसऱ्याच दिवशी छापून आली, अर्थातच 'वार्ताहराकडून'. त्यात मी असं म्हटलं होतं: 'पहिल्या गायिकेचा आवाज रांगडा, तापीकाठच्या काळ्या मातीतला. दुसऱ्या गायिकेच्या आवाजात मात्र शास्त्रशुद्ध तालीम जाणवते. दोघींमध्ये वयाचं किमान वीस वर्षांचं अंतर असावं.'

त्या दिवसापासून गाव माझ्याशी फार आदराने वागू लागलं. स्टँडवर चहावाल्याने मला बसायला खुर्ची दिली. चार जण जवळ आले.

"नाना, काय लिखं भो! काय कान शेत तुन्हा!"

"अनुभव शे," मी म्हणालो.

"मायनी तब्येत कशी शे?"

"बरी शे."

"घसा?"

हा प्रश्न मला त्या दिवशी सात जणांनी विचारला. सातव्या वेळी मी काळजीत पडलो. घरी गेलो तर आई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती आणि आवाज खरंच बसला होता.

"माय, घसाले काय व्हयनं?"

"काही नही रे. मिरचीना ठसका लागना," आई मान वर न करता म्हणाली. वैशाली अचानक आत निघून गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. (माणूस तोंडात पदर कोंबतो तेव्हा आवाज येत नाही, हे मला नंतर कळलं.)

मी चांगला मुलगा आहे. मी मोटारसायकल काढून शहाद्याला गेलो आणि आईसाठी ज्येष्ठमध, खडीसाखर आणि लवंगा घेऊन आलो. तिला रोज कोमट पाणी द्यायला लावलं. तीन दिवसांत घसा सुटला. चौथ्या दिवशी दोन्ही भोंग्यांवर नवीन गाणी आली. मी वहीत नोंद केली: 'दोन्ही गायिकांच्या आवाजात आज लक्षणीय सुधारणा. कारण समजू शकलं नाही.'

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी चौकात उभा होतो. पाऊण पानाचा मजकूर तयार होता, फक्त शेवटचा परिच्छेद बाकी होता. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर वळणावर अडकला आणि रस्ता बंद झाला. एका बाजूने आप्पांचा पंखा आला, दुसऱ्या बाजूने रमणभाईंचं कपाट. मागे जायला कोणालाच जागा नव्हती. प्रचाराची मुदत संपायला थोडेच तास उरले होते, म्हणून दोघांनीही भोंगे पूर्ण मोठे केले.

पंखा म्हणाला, कपाटात वचन झोपलं आहे. कपाट म्हणालं, लाइटच नाही तर पंखा काय करी? पंख्याने आवाज वाढवला. कपाटाने आवाज वाढवला. जमलेलं गाव एकदा इकडे, एकदा तिकडे माना फिरवत होतं. आप्पा पंख्याखाली कुडकुडत होते, आणि रमणभाई गर्दीत दिसेल त्याच्या पाया पडत निघाले होते. मी वही उघडली आणि शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात लिहिली: 'अखेर दोन्ही गायिका समोरासमोर आल्या.'

तेवढ्यात दोन्हीकडची गाणी संपली. आप्पांचा भोंगा गप्प झाला. रमणभाईंचा मात्र चालू राहिला, कारण ते गाणं आदल्या दिवशीच नव्याने रेकॉर्ड केलं होतं आणि त्याची शेपटी कापायची राहून गेली होती. भोंग्यात भांड्यांचा खडखडाट झाला, कुकरची शिट्टी झाली, आणि मग ती शास्त्रशुद्ध तालमीची गायिका साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"व वैशाली! दूध उतू जाई ऱ्हायनं! गॅस बंद कर! आनि आते तो फोन बी बंद कर माय, नाना येवानी येळ व्हयनी. आप्पानं गानं सकाय करसूत!"

उसाच्या ट्रॅक्टरनेही इंजिन बंद केलं, असं मला वाटलं. मग गाव हसलं. मी आजवर अनेक सभांचं वार्तांकन केलं आहे. 'हशा पिकला' हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले आहेत. हशा पिकतो म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आप्पा इतके हसले की त्यांची शिंक अडकली. रमणभाई माझ्या पाया पडायला वाकले होते, ते वाकलेलेच राहिले.

"नाना," खालून त्यांचा आवाज आला, "वीस वरीसनं अंतर, का?"

मी घरी आलो. आई ओट्यावर होती. चौक आमच्या ओट्यापासून फार लांब नाही. तिने सगळं ऐकलं होतं.

"माय! तू दोन्हीकडथीन गायनी?"

"मंग? आप्पा उना, म्हने माय, मन्हं एक गानं म्हन. लगीनमा म्हनस तसं. म्हनं. दुसरा दिन रमण उना, म्हने माय, मन्हं बी म्हन. आते त्याले नही कसं म्हनू? तुन्हाच नियम शे. एकले जे देसूत, ते दुसराले बी देसूत!"

"पन माय, एकनं गुणगान आनि दुसराले चिमटा?"

"लगीनमा असंच ऱ्हास. नवरदेवकडथीन बी मीच गास, नवरीकडे कोनी गानारी नसनी तर तिकडथीन बी मीच गास. आजलगून एक बी सोयरा मन्हावर रुसना नही."

मी वैशालीकडे वळलो. ती आता लपून हसण्याच्या पलीकडे गेली होती.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

तिने फ्रिजकडे बोट केलं. "नियम एक. घरात निवडणुकीचा विषय काढू नये."

"अगं, पण मी रोज तुझ्यासमोर बसून तो लेख मोठ्याने वाचत होतो! 'रांगडा आवाज', 'शास्त्रशुद्ध तालीम'..."

"हो. आईंना फार आवडलं ते. दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून."

मी आईसमोर बसलो. राग उतरला होता, पण दुसरंच काहीतरी लागत होतं. पन्नाशीला आलेला माणूस मी. आईचा आवाज मला ओळखू आला नाही! कारण तिचं गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं. लग्नात बायका गायला बसल्या की आम्ही पुरुष जेवणाच्या रांगेत उभे असतो. मला आईचा आवाज माहीत होता तो 'जेवाले ये' आणि 'भिजू नको' एवढ्यापुरता.

"माय," मी म्हणालो, "तू एवढं चांगलं गास?"

"तू लिखं ना पेपरमा," आई म्हणाली. "मी काय सांगू?"

मग मी संपादकांना फोन केला. चौदा वर्षांत मी एकही बातमी लपवलेली नाही, आणि ही तर लपवण्यासारखी राहिलीच नव्हती. सगळं क्रमवार सांगितलं. ज्येष्ठमधाचा मुद्दाही वगळला नाही. पलीकडून संपादक घोट घोट पाणी पीत असल्यासारखा आवाज आला.

"पान रद्द," ते अखेर म्हणाले.

"समजलं."

"अट म्हणजे अट. पण ती चौकट छापून गेली आहे. दोन गायिका, वीस वर्षांचं अंतर. त्याचं शुद्धिपत्र द्यावं लागेल."

"देऊ या. 'दोन्ही गायिका एकच असून त्या वार्ताहराच्या आई आहेत', असं लिहितो."

"कोणत्या वार्ताहराच्या? आपल्या जिल्ह्यात बरेच वार्ताहर आहेत. सगळ्यांच्या आया उगाच अडचणीत येतील. नाव टाका."

"कोणाचं?"

"तुमचं! दुसरं कोणाचं टाकणार?"

मी ओट्यावर उभा होतो. उडी मारायला भरपूर जागा होती. पण परिस्थिती पाहता ते बरं दिसलं नसतं.

"आणि फोटो?" मी हळूच विचारलं.

"फोटो आईंचा पाठवा," संपादक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी माझं पाऊण पान येणार होतं त्याच दिवशी, आतल्या पानावर तळाशी पाच ओळींचं शुद्धिपत्र आलं. तीन ओळी आईबद्दल, एक ओळ दिलगिरीची आणि एका ओळीत माझं पूर्ण नाव. शेजारी मिरच्या खुडणाऱ्या आईचा फोटो.

निकाल लागला. एक जण निवडून आला आणि एक जण पडला. (कोण, ते सांगत नाही. नियम चार अजून लागू आहे.) निवडून आलेल्याच्या मिरवणुकीसाठी आईने गाणं म्हटलं, आणि पडलेल्याच्या घरी जाऊन, नवरीच्या पाठवणीला म्हणतात तसं एक गाणं त्याच्यासाठीही म्हटलं. तो रडला, असं त्याच्या सौभाग्यवती सांगतात. दोघांनाही चहा मात्र आमच्याच घरी झाला, सारख्या कपात.

फ्रिजवरचा आचारसंहितेचा कागद आईने काढला नाही. त्यावरच तिने ते शुद्धिपत्र कापून चिकटवायला लावलं. आता दारात कोणीही आलं, अगदी वीजबिल द्यायला आलेला माणूस असला, तरी आई त्याला आत फ्रिजसमोर नेऊन उभं करते.

"देख. मन्हा पोऱ्यानं नाव पेपरमा उनं."

"कसाबद्दल उनं, माय?" माणूस विचारतो.

"काही चूक व्हयनी त्याना हातथीन," आई सांगते, आणि शुद्धिपत्रावरून पदराने एकदा धूळ पुसते. "चूक तर चूक. पन तो वार्ताहर मरो! आते नाव तरी मन्हा पोऱ्यानं शे."